परत आलेल्या पुस्तकांचं टेबल

बोधिनी वाचनालयाच्या वार्षिक सभेला एरवी माणसं चिवडा संपेपर्यंतच थांबत. अहवालवाचन सुरू झालं की खुर्च्या रिकाम्या व्हायला लागायच्या आणि कार्यवाह देशकर आभारप्रदर्शन बहुधा पंख्याला उद्देशूनच करायचे. त्या वर्षी मात्र वाचनालयाच्या हिंगणघाटातल्या जुन्या सभागृहात उभं राहायलाही जागा उरली नव्हती, कारण 'संमुख' आपला निकाल दाखवणार होतं.

'संमुख' हा एक पडदा होता, उन्हाळ्याच्या सुरुवातीला देवघेवीच्या काउंटरशेजारी बसवलेला. त्याच्यासमोर उभं राहिलं की त्यात एक चेहरा उमटायचा आणि तो चेहरा तुमच्याशी बोलायचा, पुस्तक शोधून द्यायचा, मुदत वाढवून द्यायचा, नवं काय वाचावं ते सुचवायचा. बोलणारी यंत्रं गावाला नवी नव्हती. बसस्थानकापासून दवाखान्यापर्यंत ती सगळीकडे होती आणि लोक त्यांच्यावर यथेच्छ खेकसत. 'संमुख'वर मात्र कुणी खेकसत नसे. असं का, ते कंपनीची इंजिनिअर ईरा सबनीस हिनं सभेला समजावून सांगितलं. पोरगी पुण्याची होती, पण बोलणं सोपं होतं.

माणसाच्या मनात प्रत्येक पेशाचा एक चेहरा आधीच तयार असतो, ती म्हणाली. डॉक्टर म्हटलं की एक, हवालदार म्हटलं की दुसरा. तो चेहरा कसा आहे ते माणसाला शब्दांत सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्यांना ठाऊक असतं. 'संमुख' आधी एक धूसर, कुणाचाच नसलेला चेहरा दाखवतं आणि त्यावर ठिपक्यांचं जाळं टाकतं. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तसलं. हे जाळं क्षणोक्षणी बदलत राहतं. कधी त्यानं भुवई किंचित खाली आल्यासारखी वाटते, कधी ओठ पातळ होतात. बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण मनातल्या चेहऱ्याच्या जवळ जाणारं जाळं आलं की डोळ्याची बाहुली केसभर मोठी होते, नजर तिथं अडते. यंत्र तेवढंच टिपतं आणि पुढचं जाळं त्या दिशेनं विणतं. आपण 'नमस्कार' म्हणेपर्यंत मनातला चेहरा पडद्यावर हजर झालेला असतो, आणि मनातल्या माणसाशी कोण भांडणार?

"आता तुमच्या सगळ्या सभासदांच्या मनातले चेहरे एकावर एक ठेवून जो सरासरी चेहरा येतो, तो मी दाखवते," ईरा म्हणाली. "हिंगणघाटच्या मनातला ग्रंथपाल."

दुसऱ्या रांगेत ज्योत्स्ना उमाटे ताठ बसली. बावीस वर्षं ती या वाचनालयाची ग्रंथपाल होती. गावातल्या निम्म्या वाचत्या माणसांना पहिलं पुस्तक तिच्याच हातून मिळालेलं. पडद्यावर आपलाच चेहरा येणार असं तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण निघताना आरशात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं होतं हे खरं.

पडद्यावर एक साठीची बाई उमटली. केस करकचून मागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ असे मिटलेले की आता ही दंड सांगणार. ज्योत्स्नाशी तिचं नाक-डोळा काहीच जुळत नव्हतं. ही बाई कधी कुणी पाहिलेली नव्हती आणि तरी सगळ्यांनी ओळखली. मागून कुणीतरी "शांतता राखा!" म्हणालं आणि सभागृह हशानं भरून गेलं. हसण्यात वाईट हेतू नव्हता. देशकरही हसले, मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली आणि ते एकदम पाणी प्यायला लागले. ज्योत्स्ना हसत होती, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होती. असं हसणं माणसाला आतून फार महागात पडतं.

सभेनंतर ईरा तिच्याजवळ आली. "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. राज्यात कुठंही गेलं तरी हाच चेहरा येतोय. आम्हाला तो बदलायचाय, लोकांना हवीहवीशी वाटेल अशी ग्रंथपाल घडवायचीय. त्यासाठी खराखुरा ग्रंथपाल हवा. नागपूरच्या ऑफिसात नोकरीला याल?"

देशकरांनी नंतर व्हरांड्यात गाठून उरलेलं सांगितलं. सरळ माणूस, आडपडदा नाही. "तुम्ही जा म्हणत नाही मी, मॅडम. पण गेल्या तर एवढं समजून जा, तुमच्या जागी माणूस भरायची परवानगी आता मिळत नाही. पडदाच राहीन मग इथं. जून सरेपर्यंत सांगा नं मला."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, नागपूर काही वाईट नाही. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. ज्या गावाला आपला चेहराही आठवत नाही, त्या गावात निवृत्तीपर्यंतची आणखी आठ वर्षं कशासाठी काढायची?

आता ती बावीस वर्षं नेमकं काय करत होती, हे सांगायला हवं. कारण ते तिनं स्वतःहून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

काउंटरसमोर एक लांबट टेबल होतं. लोकांनी परत केलेली पुस्तकं कपाटात जाण्याआधी त्यावर पडलेली असत. सभासद आत आला की कपाटांकडे नंतर जायचा, आधी या टेबलावर हात मारायचा. दुसऱ्या कुणीतरी वाचलंय म्हणजे पुस्तकात काहीतरी असणार, हा वाचकांचा जुना हिशेब. ज्योत्स्नाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं की माणसाला 'हे वाचा' म्हटलं की तो पुस्तकाकडे शाळेतल्यासारखं बघतो, आणि तेच पुस्तक त्याला आपणहून सापडलं की छातीशी धरून नेतो. म्हणून ती पुस्तकं पेरायची. कोण कुठल्या दिवशी येतो, गेल्या वेळचं पुस्तक त्यानं कितव्या पानावर सोडलं, परत देताना वर बघितलं की खाली, हे सगळं तिच्या डोक्यात असे. त्या माणसाच्या येण्याच्या वेळेला कपाटातलं एखादं पुस्तक काढून ती त्या टेबलावर ठेवून द्यायची, परत आल्यासारखं, दोन पुस्तकांच्या खाली, एक कोपरा बाहेर. माणूस यायचा, उचकायचा, हरखायचा. "बघा मॅडम, माझं नशीब! नेमकं आजच परत आलं!" ती चष्म्यावरून बघायची आणि शिक्का मारायची.

हे असं करणाऱ्या बाईचा चेहरा कुणाच्या लक्षात राहणार? पण ही गोष्ट तेव्हा तिला सुचली नाही. दुखावलेल्या माणसाला सोपी गोष्ट सगळ्यात शेवटी सुचते.

सभेनंतर तिला एक खोड लागली. 'संमुख'चा चेहरा समोर उभ्या असलेल्यालाच दिसावा, अशी काच त्याला बसवलेली होती. बाजूनं बघितलं तर काळोख. पण बरोबर समोरच्या भिंतीला संदर्भग्रंथांचं काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत पडदा सरळ उमटायचा. ज्योत्स्नानं आपली खुर्ची वीतभर सरकवली. त्या दिवसापासून प्रत्येक सभासदाच्या खांद्यावरून तिला त्याच्या मनातला ग्रंथपाल दिसायला लागला. स्पर्धापरीक्षेच्या मुलांना पहारेकरी दिसायचा. निवृत्त तहसीलदारांना गांधी टोपीतला एक पोक्त गृहस्थ दिसायचा. एका शिक्षिकेच्या पडद्यावरची बाई तर इतकी खाष्ट होती की ती शिक्षिका दबक्या आवाजात मुदतवाढ मागत होती, तिच्याच मनातल्या बाईकडे.

आणि मग एका दुपारी शमीम सिस्टर पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

शमीम शेख सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांचे यजमान रुग्णवाहिका चालवायचे. मागच्या उन्हाळ्यात, उष्माघाताचे रुग्ण आणता आणता, ते स्वतःच गाडीत कोसळले. तेराव्या वर्षापासून वाचनालयात येणारी ही बाई त्यानंतर महिनाभरानं आली, टेबलापाशी नुसती उभी राहिली आणि रिकाम्या हातानं गेली. पुढच्या वेळी ज्योत्स्नानं टेबलावर एक जुनं पुस्तक ठेवलं. हिमालयातल्या एका वेधशाळेत हिवाळा काढणाऱ्या माणसाचं. पानापानावर बर्फ, माणसं फारशी नाहीत, रडणं-बिडणं अजिबात नाही. सिस्टरांनी ते नेलं. तेव्हापासून वर्षभर ज्योत्स्ना त्यांच्यासाठी थंडी शोधत होती. हिमनद्या, ध्रुवावरच्या बोटी, बर्फात घर बांधणारी माणसं. तापलेल्या वॉर्डातून सुटलेली बाई दर आठवड्याला गार पुस्तक घेऊन घरी जायची. त्यावर दोघींत कधी एक शब्द झाला नव्हता.

तर त्या दुपारी शमीम सिस्टर पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि काचेत ज्योत्स्नाला काहीच दिसलं नाही. ठिपके हलत राहिले, चेहरा जमेना. बराच वेळ धूसरच. मग यंत्रानं दिलगिरी व्यक्त केली आणि सिस्टर टेबलाकडे वळल्या.

ज्योत्स्नानं ईराला फोन करून विचारलं. बिघाड नाही, ईरा म्हणाली, शेकड्यांत एखाद्याचं असं होतं. त्या माणसाच्या मनात त्या पेशाची प्रतिमाच नसते, म्हणून यंत्राला पकडायला काही सापडत नाही.

प्रतिमाच नसते. ज्या बाईसाठी वर्षभर बर्फ शोधला, तिच्या मनात आपण खाष्टसुद्धा नाही. ज्योत्स्नाला हे त्या हशापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडण्याआधी तिनं एक काम केलं, जे ती इतके दिवस टाळत आली होती. ती स्वतः 'संमुख'समोर जाऊन उभी राहिली. मनाशी म्हणाली, आता तरी दिसू दे. ठिपके हलले, जुळले, आणि तीच बाई आली. करकचून बांधलेले केस, नाकावरचा चष्मा, मिटलेले ओठ. ज्योत्स्ना तिच्याकडे बघत राहिली. तिला प्राध्यापक व्हायचं होतं. ते जमलं नाही म्हणून ती इथं आली होती, आणि 'ग्रंथपाल' म्हटलं की आजही तिच्या मनात दुसरीच कुणीतरी बाई होती. गावाला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. तिनंच स्वतःला कधी त्या खुर्चीत बसवलं नव्हतं.

मग तिनं ठरवलं की नागपूरला जायचं असलं तरी जाण्याआधी या गावाला ग्रंथपाल दाखवून जायचं.

दुसऱ्या दिवशी ती डाळिंबी रंगाची साडी नेसली. नवरा म्हणाला, "लग्न कोणाचं आहे?" तिनं काउंटर सोडलं आणि दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायला लागली. 'तुमच्यासाठी मी हे निवडलंय' म्हणून पुस्तकं हातात द्यायला लागली. लोक गोंधळले, मग सुखावले. कुणी म्हणालं, मॅडम किती बदलल्या. देशकर खूश झाले. टेबलावर आता खरोखरच परत आलेली पुस्तकं तेवढी पडून राहू लागली, कारण पेरायला तिला वेळ नव्हता आणि गरजही वाटत नव्हती. निवड तीच होती, फक्त आता श्रेय तिच्या नावावर जमा होत होतं. आणि ते गोड लागत होतं, हे नाकारण्यात काय अर्थ?

शनिवारी शमीम सिस्टर आल्या. बाहेर पारा सत्तेचाळीसवर, त्यामुळे आत गारव्याला आलेली माणसं खच्चून भरलेली. ज्योत्स्नानं त्यांना दारातच गाठलं.

"या सिस्टर! तुमच्यासाठी खास काढून ठेवलं मी. नवरा गेल्यावर एकटीनं संसार उभा केला त्या बाईनं, तिचं आहे. वाचा, बळ येईल तुम्हाला."

सगळं वाचनालय वळून बघायला लागलं. माणसं चांगली होती, त्यांनी चेहरे लगेच हळवे केले. एका आजीबाईंनी तर चुक् चुक् केलं. शमीम सिस्टरांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, "थँक्यू मॅडम" म्हणाल्या, आणि बाहेर पडताना ते हळूच परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही.

आपलं काय चुकलं हे ज्योत्स्नाला ते पुस्तक टेबलावर दिसलं त्याच क्षणी कळलं होतं, ते मान्य करायला मात्र दोन आठवडे गेले. जून सरत आला होता. देशकर उत्तर मागत नव्हते, पण तिच्या काउंटरजवळून जाताना रेंगाळत होते. अखेर एका सकाळी ती दवाखान्यात गेली.

वॉर्डच्या दाराशीही आता एक 'संमुख' बसवलेलं होतं. एक म्हातारा त्याच्यासमोर बाकावर बसून गोळ्यांच्या वेळा समजून घेत होता आणि त्याच्या मागच्या खिडकीच्या काचेत त्याच्या मनातली परिचारिका उमटली होती, गोरीपान, तरुण, हसरी, पांढऱ्या टोपीतली. त्याच वेळी त्याच्या हाताची सुई शमीम सिस्टर बदलत होत्या आणि तो पडद्याकडे बघून म्हणत होता, "लई चांगली आहे बाप्पा ही पोरगी."

व्हरांड्यात त्या दोघी उभ्या राहिल्या. ज्योत्स्नानं वाक्य जुळवून आणलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "माझं चुकलं, सिस्टर."

"राग नाही आला मला, मॅडम," शमीम सिस्टर म्हणाल्या. "घरी गेली की मी त्यांची बेवा. दवाखान्यात सगळे हळू आवाजात बोलतात माझ्यापाशी. एक तुमचं टेबल होतं, तिथं मी फक्त वाचणारी बाई होते. त्या दिवशी तुम्ही तिथंही मला बेवा करून टाकलं."

बोलायचं म्हणून ज्योत्स्ना म्हणाली, तुमच्या मनात माझा चेहराही नव्हता, म्हणून मी असं करून बसले. आणि मग काचेचं कपाट, ते ठिपके, ईराचा फोन, सगळंच तिनं सांगून टाकलं.

"चेहरा कसा येईन?" सिस्टर म्हणाल्या. "त्या पडद्यासमोर उभी राहिले नं, तर मला टेबल आठवलं. दोन पुस्तकांच्या खाली एक, कोपरा बाहेर. यंत्राले काय टेबल काढता येते?"

ज्योत्स्नानं विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. बर्फाची इतकी पुस्तकं हिंगणघाटात दुसरं कोण वाचते, मॅडम?"

असं म्हणून शमीम सिस्टर हसल्या. वर्षभरात ज्योत्स्नानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, एका बाजूनं, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू. ज्योत्स्नानं ते नीट बघून घेतलं आणि परत निघाली. वाटेत तिला रडू आलं. ते लाजेचं होतं तसंच आनंदाचंही होतं, आणि भर उन्हात रस्त्यावर कुणी नसल्यामुळे तिनं ते येऊ दिलं.

वाचनालयात आल्यावर तिनं आधी खुर्ची वीतभर सरकवून मूळ जागी नेली. मग ईराला फोन लावला आणि नागपूरला येत नाही म्हणून सांगितलं. ईराला वाईट वाटलं. निदान चेहरा कसा हवा तेवढं तरी सांगा, ती म्हणाली, आम्ही हळूहळू सुधारू.

"आहे तोच बरा आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "त्या बाईकडे कोणी फार वेळ बघत नाही. मला कामाला मोकळीक राहते."

ईराला ते विनोदानं घ्यावं की कसं ते कळलं नाही. देशकरांना मात्र पूर्ण सांगायची गरज पडली नाही. डाळिंबी साडी जाऊन नेहमीची तपकिरी आलेली बघूनच ते समजले आणि "ठीक आहे मग" म्हणून अहवालाच्या मागे लागले. पडदा राहिला. मुदतवाढीला, शोधाशोधीला तो चांगलाच होता, आणि खाष्ट बाईकडे मुदत मागायची सवय लोकांना लागलीच होती.

नवी खरेदी आली त्यात ज्योत्स्नानं एक पुस्तक मुद्दाम मागवून घेतलं होतं. सर्कशीत तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या एका माणसाच्या आठवणी. हत्तीनं पळवलेली परात, विदूषकांचं पथ्यपाणी, असलं सगळं. शुक्रवारी तिनं त्याची नोंद केली, शनिवारी दुपारी ते टेबलावर ठेवलं. दोन पुस्तकांच्या खाली, एक कोपरा बाहेर. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन लिहीत बसली. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

चपलांचा आवाज ओळखीचा होता. तो टेबलापाशी थांबला. वरची दोन पुस्तकं बाजूला झाली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग कागद सुटल्याचा बारीक आवाज यायला लागला. नव्या पुस्तकाची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली होती आणि शमीम सिस्टर ती जखमेवरची पट्टी सोडवावी तशी, एकेक करून, नखानं सोडवत होत्या. घाईघाईत इतकी वर्षं न केलेली चूक ज्योत्स्ना करून बसली होती. परत आलेल्या पुस्तकांत कोरं पुस्तक.

सिस्टरांनी पुस्तक काउंटरवर आणून ठेवलं.

"हे कोणी परत केलं, मॅडम?"

"आलं सकाळी."

"चांगले वाचक आहेत तुमच्याकडे," शमीम सिस्टर म्हणाल्या. "पानं न उघडताच वाचून राहिले." आणि त्या पुन्हा हसल्या, या वेळी इतक्या मोठ्यानं, की दोन-चार माणसांनी वळून बघितलं.

ज्योत्स्नानं मान वर केली. केस मागे बांधलेले, ओठ मिटलेले, आणि ते तसेच मिटलेले ठेवायला तिला फार कष्ट पडत होते.

"वाचनालयात हळू बोला, सिस्टर," ती म्हणाली, आणि शिक्का उचलला.